शिवेच्या दगडापासून: आपल्या वस्तीचा नकाशा आणि गोष्टी कशा नोंदवायच्या

माझे आबाजी गावचे कोतवाल होते. दोन गावांत शिवेवरून वाद पेटला की पटवाऱ्याची साखळी यायच्या आधी त्यांना बोलावणं यायचं. दगड कुठे होता, कोणत्या पुरात कलंडला, कोणत्या बाभळीपासून किती पावलांवर होता, हे सगळं त्यांच्या पायांत होतं. ते एकटेच असे नव्हते. जुन्या गावगाड्यात शीव राखणं आणि वाद झाला तर ती चालून दाखवणं हे महारांचं काम, आणि त्यांचा शब्द पंच मानत. पण मी गावाचा नकाशा काढून आणला तेव्हा त्यावर प्रत्येक वावराला नंबर होता, नाल्याला रेघ होती, पांदणीला दुहेरी रेघ होती. शीव दाखवणाऱ्यांची वस्ती म्हणजे आबादीच्या कडेचा कोरा तुकडा. ना घर, ना विहीर, ना नाव.

तो तुकडा भरायला आम्हाला चार वर्षं लागली. आमचं गाव हिंगणघाट तालुक्यात. मी विहारातलं वाचनालय सांभाळते. आता आजूबाजूच्या गावांतून पोरंपोरी येतात, ताई आम्हाला पण करायचं आहे म्हणतात, म्हणून सगळं एकदा लिहून काढते. या कामाला मोजणीचं शिक्षण लागत नाही. चालायची तयारी लागते आणि समोरचा बोलत असताना गप्प बसायची सवय लागते.

सुरुवात करण्याआधी एक गोष्ट वाचून घ्या, कारण आपण काही नवीन शोधलेलं नाही. अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी हे काम आपल्या कितीतरी आधी केलं. डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस नावाचे काळे अभ्यासक 1896-97 मध्ये फिलाडेल्फिया शहराच्या सातव्या वॉर्डात दारोदार फिरले, घराघरात बसून माहिती घेतली आणि काळ्या कुटुंबांचं एकेक घर नकाशावर रंगवलं. 1899 मध्ये ते पुस्तकरूपाने आलं. पुढे 1946 मध्ये बाबासाहेबांनी याच डू बॉइसना पत्र लिहिलं. काळ्या लोकांच्या संघटनेने संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचं त्यांनी वाचलं होतं, त्याच्या प्रती त्यांनी मागितल्या. आपल्या आणि त्यांच्या परिस्थितीत किती साम्य आहे हे त्या पत्रात आहे. तेव्हा हा धागा जुना आहे, तो आपण फक्त हातात घ्यायचा.

त्याच देशात नकाशाचा उलटा वापरही झाला. 1930 च्या दशकात तिथल्या सरकारी गृहकर्ज संस्थेने दोनशेहून जास्त शहरांचे नकाशे बनवले. चांगल्या वस्त्या हिरव्या, त्याखालोखाल निळ्या, मग पिवळ्या आणि ‘धोक्याच्या’ त्या लाल. काळे लोक राहत ती वस्ती जवळपास हमखास लाल. लाल वस्तीला कर्ज मिळणं मुश्कील. कर्ज नाही म्हणून घरं पडकी राहिली, घरं पडकी म्हणून पुन्हा कर्ज नाही. आज तेच नकाशे तिथल्या विद्यापीठांनी इंटरनेटवर खुले केले आहेत, आणि अन्याय कुठे कसा झाला याचा पुरावा म्हणून काळ्या वस्त्यांतले लोक ते दाखवतात. मला यातून एक कळलं: रंग कोण भरतो यावर सगळं आहे.

पहिला नकाशा अंगणात काढा

मोबाइल नंतर. कागदही नंतर. पहिला नकाशा जमिनीवर काढायचा, तोही म्हाताऱ्या माणसांच्या हातून. कागद समोर ठेवला की जी बाई शाळेत गेली नाही ती मागे सरकते आणि पेन कुण्या शिकलेल्या पोराच्या हातात जातो. जमिनीवर तसं होत नाही. जमीन सारवायची सवय तिला आहे, पोराला नाही.

वेळ आम्ही वर्षावासाची निवडली. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन असतं, बाया एवीतेवी येतातच. वाचन झालं की अर्धा तास थांबायचं. दिवाळीनंतर ठेवाल तर कापूस वेचून बायांचे हात सोललेले असतात आणि डोळ्यांवर झोप असते. मे महिन्यात ठेवाल तर आपल्याकडचं ऊन माहीतच आहे.

सामान काही विकत आणलं नाही. चुना, विटांचे तुकडे, पऱ्हाट्या, तुराट्या, डब्यांची झाकणं. चुन्याने मोठा रस्ता ओढला, विहारासाठी मधोमध एक मोठी वीट ठेवली आणि म्हटलं, आता तुम्ही लहान होता तेव्हाचं गाव मांडा. आजचं नाही. झाकण म्हणजे विहीर, वीट म्हणजे घर, पऱ्हाटी म्हणजे झाड.

दहा मिनिटं कोणी हललं नाही. मग आमची मोठीमाय उठली आणि तिने चिंचेची पऱ्हाटी रोवली. ती रोवल्याबरोबर दुसरी म्हणाली, “तठी नोहोती वं चिच. चिच पार आखराच्या मांगं होती.” आणि तिथून सुटलं ते सुटलंच. झाडावरून आखर, म्हणजे गुरं गोळा व्हायची जागा, सापडली, आखरावरून गुरांची वाट, वाटेवरून पडलेली चावडी. घरापासून सुरुवात करू नका असं मी सांगते ते यासाठी. घर म्हटलं की माणसं सावध होतात, कोणाचं मोठं, कोणाचं लहान. झाड आणि पाणी यांबद्दल सगळे मोकळं बोलतात.

दुसऱ्या संध्याकाळी जे झालं ते सविस्तर सांगते.

आमच्या वस्तीची विहीर म्हणजे आमचा अभिमान. गावच्या विहिरीवर आमच्या लोकांना जाऊ देत नव्हते, म्हणून आमच्या पणज्यांनी स्वतः खोदलेली. तिचं झाकण सगळ्यांनी मिळून ठेवलं, कोणाचाही वाद नाही. आमच्या वस्तीच्या पलीकडे नाल्याच्या अंगाला मातंग समाजाची चार घरं आहेत. तिथली एक मावशी आली होती, कोपऱ्यात बसली होती. तिला मी म्हटलं, मावशी, तुमचं घर ठेवा. तिने वीट ठेवली. मग चुन्याच्या डब्यात बोट बुडवून तिने तिच्या विटेपासून आमच्या विहिरीपर्यंत रेघ ओढली, आणि विहिरीच्या हातभर अलीकडे बोट उचललं.

“अठपर्यंतच,” ती म्हणाली. “पुढं दोर टाकू देत नोहोते. गुंड (पाण्याचं भांडं) ठेवून बसायचं. कोणी वतलं तं वतलं.”

विहारात कोणी बोलेना. तिथल्या निम्म्या बायांच्या सासवांनी ते पाणी ओतलं असेल किंवा ओतलं नसेल. थोड्या वेळाने एक काका म्हणाले की हे जुनं झालं, नकाशात कशाला. मी वाचनालयाच्या वहीत ती रेघ जशीच्या तशी उतरवली, हातभर अंतर ठेवून. आज आमच्या नकाशावर ती आहे. गावाने आमच्याशी काय केलं हे दाखवायचं आणि आम्ही कोणाशी काय केलं ते पुसायचं, असा नकाशा मला काढायचा नव्हता. तुम्हीही काढू नका. तुमच्या वस्तीच्या पलीकडे कोणाची घरं आहेत हे पहिल्या दिवशी पाहा आणि त्यांना बोलावणं स्वतः जाऊन द्या, निरोप पाठवून नाही.

जमिनीवरचा नकाशा पूर्ण झाला की उंचावरून फोटो काढा. आम्ही विहाराच्या स्लॅबवर चढलो. लगेच वहीतही उतरवा, कारण रात्री कुत्री येतात आणि सकाळी पाऊस.

मग चाला

दोन जाणती माणसं, एक लिहिणारी, एक मोबाइलवाला पोरगा. यापेक्षा जास्त नको, नाहीतर ती मिरवणूक होते. सकाळी सहाला निघायचं, नऊच्या आत परत. आम्ही शिवेच्या दगडापासून निघालो, जिथे तीन गावांच्या शिवा मिळतात तिथून. आबाजी असते तर तेही तिथूनच निघाले असते.

मोबाइलबद्दल थोडं. जागा सांगणारं जीपीएस उपग्रहावर चालतं, त्याला इंटरनेट लागत नाही. शिवारात रेंज नसली तरी बिंदू घेता येतो. फक्त निघण्याआधी घरच्या किंवा ग्रामपंचायतीच्या वायफायवर आपल्या भागाचा नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या. जागेवर पोचलात की मिनिटभर उभे राहा, घाईत घेतलेला बिंदू दुसऱ्याच्या वावरात पडतो. मोकळ्या रानात साधारण पाच-दहा मीटर इकडेतिकडे होतं, आमराईत त्याहून जास्त. घराची भिंत कोणाच्या हद्दीत आहे हे ठरवायला हा नकाशा चालत नाही, आणि कोणी तसा वापरू लागला तर तिथेच थांबवा.

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जागेची नोंद चालू करून ठेवा, म्हणजे प्रत्येक फोटोबरोबर ती जागा आपोआप साठते. आम्ही प्रत्येक ठिकाणी कागदाच्या चिठ्ठीवर मोठा नंबर लिहून ती फोटोत धरत होतो. वहीत तोच नंबर, आवाजाच्या फाइलला तोच नंबर. हे कंटाळवाणं वाटेल, पण तीन महिन्यांनी दोनशे फोटो समोर येतात आणि सगळे बाभळीचे असतात.

काय नोंदवायचं? जे आहे ते, आणि जे नाही तेही. बुजलेली विहीर. पडलेली चावडी. गुरं मेली की ओढून नेत ती जागा. 1956 नंतर आमच्या लोकांनी ते काम सोडलं. त्यावरून गावाशी काय ताणतणाव झाला, कोणाच्या घरचं धान्य बंद झालं, हे त्या जागेवर उभं राहिल्यावरच काका बोलले. घरी खाटेवर बसून मी तीनदा विचारलं होतं, तीनदा त्यांनी चहा मागवला होता. म्हणून गोष्ट जिथली तिथे ऐकायची. विहिरीची गोष्ट विहिरीवर, पांदणीची पांदणीत. पायाखाली जमीन ओळखीची झाली की आठवण वर येते.

कधीकधी रेघ गावाबाहेर जाते. मोठीमाय 1956 च्या ऑक्टोबरात नागपूरला गेली तेव्हा अकरा वर्षांची होती. काही बंडीवर, बाकी पायी: हिंगणघाट, जाम, बुटीबोरी, नागपूर. कुठे मुक्काम पडला, कोणत्या गावात लोकांनी पाणी दिलं, कुठे दिलं नाही, तिच्या आईने पांढरं लुगडं कोणाकडून उसनं आणलं, हे तिने रस्त्याच्या क्रमाने सांगितलं. ती वाट आम्ही वेगळ्या कागदावर काढली. तुमच्या गावाचीही अशी एक वाट असेल. ती चालून गेलेली माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. बाकी सगळं थांबवा, आधी हे करा.

कागदपत्रं कुठे शोधायची

लोकांच्या आठवणीनंतर कागद, आधी नाही. आधी कागद आणला की म्हातारी माणसं कागदाप्रमाणे आठवायला लागतात.

गावनकाशा तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो, आणि आता ऑनलाइनही गट नंबरवरून पाहता येतो. सातबारा आणि आठ-अ तुम्हाला माहीतच आहेत. केंद्राच्या स्वामित्व योजनेत तुमच्या गावठाणाची ड्रोनने मोजणी झाली असेल तर त्याचा नकाशा बघा, कारण आबादीतली घरं पहिल्यांदाच त्यात सुटी सुटी दिसतात. आपल्या वस्तीची सगळी घरं त्यात आली का, हे मोजा.

आपल्या पूर्व विदर्भात दोन कागद मात्र फार कामाचे आहेत आणि त्यांची आठवण फार कमी जणांना राहिली आहे: निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. हा भाग मध्य प्रांतात होता, मालगुजारी होती, म्हणजे सारा गोळा करणारा मालगुजार हाच गावाचा मालक. मालगुजारी 1951 मध्ये गेली, पण गावाच्या पडीत जमिनीवर, पाण्यावर, वाटांवर कोणाचा काय हक्क आहे हे लिहून ठेवायची पद्धत राहिली. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मध्येही ही दोन्ही नावं आहेत. चराई कुठे, मसणवट कुठे, गुरांची वाट कोणती, पाणी कुठून घ्यायचं, हे त्यात सापडू शकतं. आमच्या मसणवटीची वाट आम्हाला निस्तार पत्रकात सापडली. साठ वर्षं लोक ती वाट वाटसरूसारखे मागत होते.

तिसरा कागद म्हणजे कोतवाल बुक, जन्ममृत्यूची जुनी वही. जात पडताळणीसाठी लोक तहसीलच्या अभिलेख कक्षातून तिची नक्कल काढतात आणि काम झालं की फाइलला लावून विसरतात. तिच्याकडे नीट बघा. कोणत्या साली पटकीने किती माणसं गेली, बाळंतपणात किती बाया गेल्या, हे नावानिशी असतं. आमच्या गावच्या नोंदी देणाऱ्यांत माझे आबाजी होते, आणि एका पानावर त्यांच्याच मुलाच्या मृत्यूची नोंद आहे. मला तो काका होता हेच माहीत नव्हतं. शाळेचं दाखल-खारीज रजिस्टरही असंच वाचायचं: आपल्या वस्तीतली पहिली मुलगी कोणत्या साली शाळेत गेली, आणि कोणत्या वर्गातून नाव कमी झालं.

एका कार्यालयाने मला चार चकरा मारायला लावल्या. पहिल्यांदा साहेब नव्हते, दुसऱ्यांदा चावी नव्हती, तिसऱ्यांदा कशाला पाहिजे म्हणून विचारलं, चौथ्यांदा वही फाटली आहे म्हणाले. मग माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर तेही नाही, आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जात “सर्व माहिती द्या” असं लिहू नका. कागदाचं नाव, मौजा, साल लिहा आणि कागदाची पाहणी करू देण्याची मागणी करा. पाहणीत अशी पानं दिसतात जी मागायचं आपल्याला सुचलं नसतं.

गोष्ट कशी ऐकायची

“इतिहास सांगा” म्हटलं की माणसं भाषण देतात, जयंतीचं. त्यापेक्षा विचारा: तुमच्या घरात पहिला दिवा कोणत्या साली लागला? पाणी आणायला किती खेपा? लग्नाची वरात कोणत्या रस्त्याने गेली आणि कोणत्या रस्त्याने जाऊ दिली नाही? पावसात मयत झाली तर कसं नेलं? छोटा प्रश्न आणि मग गप्प. मोबाइलवर आवाज टिपायचा तर आधी विचारून, आणि मोबाइल मांडीवर नाही, समोर सगळ्यांना दिसेल असा. कुकर, टीव्ही, पंखा बंद. सुरुवातीला आपणच बोलायचं: आज तारीख अमुक, आम्ही अमक्या जागी आहोत, चिठ्ठी नंबर अमुक.

बोली बदलू नका. “मले” चं “मला” करून लिहिलं की मोठीमायचं बोलणं राहत नाही. आम्ही आधी शुद्ध करून लिहिलं होतं, तिला वाचून दाखवलं, ती म्हणाली, “चांगलं हाय, कोणाचं हाय हे?” त्या दिवशी सगळी पानं फिरून लिहिली.

वाचून दाखवणं हा कामाचा भाग आहे, उपकार नाही. दोन-तीन आठवड्यांनी परत जायचं आणि लिहिलेलं ऐकवायचं. एका आत्याने 1970 च्या दशकातली, एका वावरातली गोष्ट मला सांगितली होती. ऐकवल्यावर ती बराच वेळ पदराशी खेळत राहिली. मग म्हणाली, लिहू नको, त्यायचे नातू आपल्या पोरांसोबत शाळेत हायत. मी ते पान तिच्यासमोर फाडून तिच्या हातात दिलं आणि आवाजाची फाइलही पुसली. नकाशावर त्या वावराला नुसता गट नंबर आहे. हे ठरवायचा अधिकार तिचा. माझं मत वेगळं होतं, पण गोष्ट तिची आहे.

आलं कधी, आणि किती लांब

नकाशा नुसता आठवणींचा राहिला तर तो भिंतीवर शोभून दिसतो. त्याला समतेचा हिशोब जोडायचा. आम्ही वहीत दोन रकाने केले, एक मोठ्या गावाचा, एक आमच्या वस्तीचा. खाली एकेक सोय: विजेचा खांब, हातपंप, नळ, सिमेंटचा रस्ता, नाली, दिवाबत्ती, अंगणवाडी. प्रत्येकाचं साल, आणि घरापासून चालत किती पावलं. दुसऱ्या दिवशी नाल्याच्या अंगाच्या चार घरांसाठी तिसरा रकाना करावा लागला. तो रकाना सगळ्यात रिकामा आहे.

अंतर पावलांनी मोजा, मग मोबाइलने तपासा. पावलं म्हाताऱ्यांना कळतात, मीटर ग्रामसेवकाला कळतात, दोन्ही लिहा. मसणवटीचं उदाहरण घ्या. गावच्या मसणवटीपर्यंत सिमेंटचा रस्ता आणि वर शेड. आमची वाट काळ्या मातीतून, दोन धुऱ्यांच्या मधून, आणि आषाढात तिथे पाय मांडीपर्यंत रुततो. तिरडी धरणारे चार जण एकाच वेळी पाऊल उचलू शकत नाहीत. एक उचलतो, मग दुसरा. तिथे मी पावलं मोजली तेव्हा अंतर लहान निघालं आणि वेळ मोठा, म्हणून आम्ही वेळेचाही रकाना केला.

हा तक्ता, नकाशा आणि निस्तार पत्रकाची नक्कल आम्ही 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठेवली. भाषण केलं नाही. सचिवांना म्हटलं, ठरावाच्या वहीत लिहा आणि नकाशाची प्रत सोबत जोडा. ठराव झाला. वाट अडवलेली असेल तर तहसीलदारांकडे मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 खाली अर्ज करता येतो. जुन्या नोंदीची नक्कल सोबत असेल तर बोलणं सोपं जातं. मुरूम पडला आहे, डांबर अजून नाही.

रंगांबद्दल आता सांगते. पहिल्या कच्च्या नकाशात मी आमची घरं लाल रंगवली होती, मागास वस्ती ठळक दिसावी म्हणून. एका वहिनीने विचारलं, माझ्या घराला लाल काऊन? तेव्हा ते अमेरिकेतले लाल नकाशे आठवले. खुद्द डू बॉइसनीही घरं रंगवताना लोकांच्या चार प्रती ठरवल्या होत्या, सगळ्यात खालच्या प्रतीला गुन्हेगार म्हटलं होतं, आणि आज त्यावर टीका होते. माणसांना रंग देऊ नका. नसलेल्या नळाला द्या, न आलेल्या रस्त्याला द्या. आमच्या नकाशात आता घरं सगळी पांढरी आहेत.

कॉम्प्युटरवर चढवणं

हे काम सोपं आहे, तालुक्याला शिकणाऱ्या कोणत्याही पोराला येतं. गूगलच्या माय मॅप्सवर मोफत नकाशा बनतो, पण तो कॉम्प्युटरवर बनवा. एका नकाशात दहा थर करता येतात. आमचे पाच आहेत: पाणी, वाटा, बुजलेल्या जागा, सोयी आणि गोष्टी. प्रत्येक बिंदूवर फोटो आणि चार ओळी, जास्त नको. ज्यांना वाटेच्या क्रमाने गोष्ट सांगायची आहे, जशी मोठीमायची नागपूरची, त्यांनी नाइट लॅब या संस्थेचं स्टोरीमॅप जेएस हे मोफत साधन वापरावं, त्यात पानागणिक नकाशा पुढे सरकतो. देवनागरी चालते.

नकाशा सगळ्यांसाठी खुला करण्याआधी मात्र एकदा वस्तीसमोर चालवून दाखवा. जिवंत माणसाचं नाव आणि त्याचं घर एकत्र दिसतं का, बघा. दिसत असेल तर एक काढा. एकटी राहणारी बाई, चालू असलेली केस, आंतरजातीय लग्न केलेलं जोडपं, यांचा एकही बिंदू नको.

वस्तीचं नाव काय लिहायचं यावर तुमच्याकडेही वाद होईल. 2020 च्या डिसेंबरात राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं, आणि समता नगर, भीम नगर अशी नावं आली. फार चांगलं झालं. पण जुन्या कागदांत शोधायचं तर जुनंच नाव लागतं. आम्ही नकाशावर आजचं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलं, आणि जुनं नाव फक्त ‘जुन्या कागदांतली नोंद’ या चौकटीत, तेही त्या कागदाच्या सालासकट.

प्रती तीन ठेवा: एक विहारात, एक शाळेत, एक गावाबाहेर कोण्या नातेवाइकाकडे. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कच्या जागी सेनेका व्हिलेज नावाचं काळ्या लोकांचं गाव होतं. 1825 पासून त्यांनी तिथे जमिनी विकत घेतल्या होत्या, 1857 मध्ये बागेसाठी ते गाव उठवलं. पुढे शंभराहून जास्त वर्षं फारशी कोणाला त्याची आठवण नव्हती. जुना मोजणीचा नकाशा आणि जनगणनेची पानं उरली होती म्हणून अभ्यासकांना घरं कुठे होती ते सांगता आलं, आणि 2011 मध्ये तिथे खोदकाम झालं तेव्हा घरांचे पाये आणि चुलीवरची किटली सापडली. आमच्याकडे वणा नदीला मोठा पूर येतो, विहारात पाणी शिरतं. म्हणून एक प्रत बाहेर.

भिंतीवर लावायचा नकाशा फ्लेक्सवर छापू नका. आम्ही छापला होता, आणि चौथ्या दिवशी मोठीमाय त्याच्यासमोर उभी राहून म्हणाली की चिंच अजून दोन बोटं इकडे पाहिजे. फ्लेक्सवर चिंच हलत नाही. आता जाड कापडावर हाताने काढलेला लावला आहे, चारही बाजूंनी वीतभर जागा कोरी सोडून, आणि खिळ्याला दोरीने पेन्सिल बांधली आहे. मागच्या आठवड्यात नाल्याच्या अंगाला कोणीतरी एक विहीर नव्याने काढून ठेवली आहे. नाव लिहिलेलं नाही. रविवारी मावशीला घेऊन तिथे जायचं आहे.